बटण्याची लिफ्ट

“एक हात छातीखाली. दुसरा मागच्या पायांखाली. हां. आता ओढून उचलू नका. त्याला वाटलं पाहिजे, जमीनच वर येतेय,” प्राण्यांची डॉक्टर म्हणाली.

मिस्त्रीने श्वास रोखून हात वर घेतले. त्याच्या तळहातांवर बटण्या बसला होता. तांबूस केसांचा, मांजराहूनही लहान कुत्रा. दोन काळे डोळे आणि एक काळे नाक, कापडावर टाकलेल्या तीन बटणांसारखे. त्याचे काळीज मिस्त्रीच्या बोटांवर टकटक करत होते, इतके भरभर, की हे एखादे यंत्र असते तर मिस्त्रीने ते आधी बंद केले असते आणि मग उघडून पाहिले असते.

“याला वजन आहे की नाही?” तो म्हणाला.

“नाहीच म्हणा. म्हणून तर हाडं काड्यांसारखी. आणि ही मागच्या गुडघ्याची वाटी बघा, बोट लावलं की सरकते. पलंगावरून, खुर्चीवरून, कुणाच्या कडेवरून, कुठूनही उडी नाही. वर नाही, खाली तर नाहीच नाही. एकदा पूर्ण निसटली तर कापाकापी आली, आणि या वयात त्याला भूल द्यायला माझा हात धजणार नाही.”

“मग काय बांधून ठेवायचं?”

“अहो, बांधून कशाला? खेळवायचं! खेळला नाही तर सुकत जाईल. फक्त खेळ जमिनीवर.” असे म्हणून डॉक्टर सरळ फरशीवर बसली. पाय पसरले, एक हात उघडा ठेवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागली. “त्याच्यावर वाकायचं नाही. आभाळ अंगावर येतंय असं वाटतं त्याला. असं बसायचं आणि दुसरीकडे बघायचं. तो येईल. नाही आला तर नाही आला. त्यानं तोंड फिरवलं, ओठ चाटले, उगाच जांभई दिली, की समजायचं, आता पुरे. मग आपणही पुरे करायचं.”

“आणि चिंधीची ओढाओढ? अक्का करायची.”

“हळू, जमिनीलगत. चिंधी वर ओढायची नाही, मान लचकते. आणि शेवटी त्याला जिंकू द्यायचं.”

मिस्त्रीने मान हलवली. मग, पोहता येत नाही हे कबूल करावे तशा आवाजात तो म्हणाला, “मला खेळता येत नाही.”

डॉक्टर हसली. “याला येतं. एकाला आलं तरी चालतं.”

घरी जाताना मिस्त्रीने बटण्याला टोपलीत, टोपली दोन्ही हातांत आणि हात पोटाशी धरले होते. रस्त्यावरचा प्रत्येक उंचवटा तो वळसा घालून टाळत होता. माणसे बघत होती. असा दणकट माणूस, मनगटांवर ग्रीसचे न जाणारे डाग, आणि चालतो आहे जणू काठोकाठ भरलेले भांडे घेऊन.

कुत्रा अक्काचा होता. अक्का म्हणजे मिस्त्रीची थोरली बहीण. तयार कपड्यांच्या कारखान्यात तिने उभा जन्म शर्टांना बटणे लावण्यात घालवला. लग्न केले नाही. कोणी विचारले तर म्हणे, “एवढी काजं-बटणं जुळवली, माझं एक राहून गेलं.” कारखाना सुटल्यावर तिने हा कुत्रा आणला आणि त्याच्या तोंडाकडे बघून त्याचे नाव ठेवले. दोघांचा एकच खेळ. बटण्या स्टुलावर चढून उभा राही, अक्का खुर्चीत बसून दोन्ही हात पसरी आणि “हं!” म्हणे. की बटण्या हवेतून थेट तिच्या कुशीत. ती एकदाही चुकली नाही, आणि तोही नाही.

मग अक्का न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, आणि मिस्त्री तिला आपल्या घरी घेऊन आला. बायको जाऊन बरीच वर्षे झाली होती, मुलगी लग्न होऊन आपल्या घरी होती, पुढची खोली रिकामीच होती. तिथे त्याने उंच लोखंडी पलंग टाकला. सखल पलंगावरून नव्या खुब्याने उठता येत नाही, हे हाडांच्या डॉक्टरांनी बजावले होते. आणखी एक गोष्ट बजावली होती. कुत्र्याने पेशंटच्या अंगावर उडी मारता कामा नये, त्यांची कातडी कागदासारखी झाली आहे.

अशी दोन डॉक्टरांनी मिळून एकच उडी बंद केली.

आता अक्का वर आणि बटण्या खाली. तो पलंगाखाली तिच्या चपलेवर हनुवटी टेकून पडून राही. अक्का कुशीवर होऊन हात खाली सोडी. हात जेमतेम अर्ध्यावर येई. मग बटण्या मागच्या पायांवर उभा राहून तिच्या बोटापर्यंत नाक नेण्याचा प्रयत्न करी, आणि त्याचा तो पाय थरथरताना मिस्त्रीला दिसे.

“नको रे, बस,” अक्का म्हणे, आणि हात वर घेई. बराच वेळ छताकडे बघत राही.

मुलगी दर रविवारी येई. येताना फळे, औषधे आणि काळजी घेऊन येई. त्या रविवारी ती दारातच म्हणाली, “बाबा, मी एक विचारून ठेवलंय. माझ्या ऑफिसात एक मैत्रीण आहे. तळमजल्याचं घर, पुढे अंगण. तिला कुत्र्यांची आवड आहे. बटण्याला तिच्याकडे ठेवू या. रात्री-बेरात्री यानं आत्याच्या अंगावर झेप घेतली तर?”

“मी इथेच आहे, पोरी. बहिरी झाले नाही अजून,” अक्का आतून म्हणाली. “झेप घेतो म्हणे! वाघ आहे का तो?”

“आत्या, तुझ्यासाठीच म्हणतेय.”

“त्याला ने. पण मग दिवसभर मी बघू कुणाकडे ते सांगून जा. ह्या पंख्याकडे? तुझा बाप दुपारपर्यंत लिफ्टच्या बोगद्यात असतो, आणि घरी आला तरी त्याच्यापेक्षा पंखा जास्त बोलतो.”

मुलीला हसू आले, पण तिने विषय सोडला नाही. तशी ती बापावरच गेली होती. कुठे काही तुटू शकते हे तिला आधी दिसे. “बघू काही दिवस,” ती शेवटी म्हणाली. “पण काही झालं ना, तर मी थांबणार नाही.”

मिस्त्री पलंगाची उंची बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लिफ्टच्या टपावर उभा होता. लिफ्टमधून जाणाऱ्यांना ही जागा ठाऊक नसते. वर काळोख, खाली काळोख, मधे तेल आणि लोखंडाचा थंड वास, आणि प्रत्येक मजल्याच्या बंद दाराखालून आलेली उजेडाची एक आडवी रेघ. मिस्त्री सावकाश वर जाई तशा त्या रेघा एकेक करून डोळ्यांसमोरून खाली उतरत. दारांपलीकडची बोलणी अर्धवट कानांवर पडत. कुणी किल्ली शोधत असे. कुणी फोनवर “नाही, तसं नाही,” एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत असे. एखादे मूल रडत असे आणि त्याचे रडणे खालच्या खाली विरून जाई. आपण झोपेत आहोत आणि दुसऱ्यांच्या घरांतून तरंगत चाललो आहोत, असे मिस्त्रीला कधी कधी वाटे. मध्यावर कुठेतरी समतोलाचे वजन शेजारून खाली जाई. लोखंडी विटांची ती उंच चौकट समोरून आलेल्या ओळखीच्या माणसासारखी न बोलता निघून जाई. लिफ्ट वर गेली की वजन खाली येते, लिफ्ट खाली आली की वजन वर जाते. दोघांची गाठ पडते ती तेवढ्यापुरतीच.

टपावरून लिफ्ट चालवायची तर एक बटण दाबून धरावे लागते. ते दाबलेले आहे तोवर लिफ्ट गोगलगायीसारखी सरकते. बोट उचलले की ब्रेक आपोआप आवळतो. चक्कर येवो, पाय घसरो, भीतीने बोबडी वळो, माणसाचा हात सुटतो, आणि हात सुटला की सगळे थांबते. नवख्या माणसाला मिस्त्री पहिली गोष्ट हीच शिकवी. “काही सुचेनासं झालं ना, तर सोडून दे.”

त्या दिवशी वजनाची चौकट शेजारून गेली तेव्हा तो मोठ्याने म्हणाला, “अरे, हो की.”

“काय हो की?” खालून जोडीदाराने विचारले.

“काही नाही. कुत्र्याची लिफ्ट.”

“उन्हात फिरू नका मिस्त्री,” जोडीदार म्हणाला.

घरी येऊन त्याने जुन्या कपाटाचा एक खण बाहेर काढला. खणात घोंगडीचा तुकडा अंथरला. पलंगाला लागून दोन गुळगुळीत लाकडी पट्ट्या उभ्या केल्या. त्यांच्यामधून खण वरखाली सरकायचा. वर कप्पी आणि तिच्यावरून दोर. दोराच्या दुसऱ्या टोकाला वजन हवे होते, खण आणि कुत्रा मिळून होईल तेवढे. मिस्त्री नटबोल्टांचा डबा घेऊन आला, तेव्हा अक्का उशीवरून मान उचलून म्हणाली, “ते लोखंड नको. माझी ट्रंक उघड.”

ट्रंकेत डबे होते आणि डब्यांत बटणे. शिंपल्याची, लाकडाची, कोटाची, बाळाच्या झबल्याची. कारखान्यात जमिनीवर सांडलेली, झाडून फेकायला निघालेली, तिने वर्षानुवर्षे वेचून आणलेली. मिस्त्रीने एक कापडी पिशवी दोराला बांधली आणि मुठीमुठीने बटणे आत सोडू लागला. पिशवीतून पावसाळी पत्र्यासारखा आवाज येत होता. बटण्या खणात बसून कान टवकारून ऐकत होता. एका क्षणी खण जमिनीपासून सुटला आणि हवेत तसाच राहिला, ना वर ना खाली. मिस्त्रीने करंगळी लावली, तर तो वर आला.

“बटण्याच्या वजनाची बटणं,” अक्का म्हणाली. “एवढी तर माझ्या एका महिन्यात लागून जायची.”

आणि मग ती चूक झाली.

खण पलंगाच्या उंचीला आला. अक्काने हात पसरले. बटण्याने पुढचे दोन पाय गादीवर ठेवले. त्याच्या शेपटीने मागच्या मागे घोंगडी झोडपायला सुरुवात केली, आणि अक्काच्या तोंडावर असे काही उमटले, की ते बघत मिस्त्री जागच्या जागी हरवला. त्याला काही सुचेनासे झाले. त्याचा हात जन्मभर जे करत आला तेच त्याने केले. दोर सोडून दिला.

पण या लिफ्टला ब्रेक नव्हता. ब्रेक म्हणजे त्याचा हातच होता. कुत्र्याचे अर्धे वजन गादीवर गेले होते, खण हलका झाला होता. पिशवी धाडदिशी खाली आली, खण वर उसळला आणि त्याने बटण्याला मागून उडवले. तो केकाटत अक्काच्या अंगावर पडला आणि तसाच पलंगाच्या दुसऱ्या कडेकडे धावला. अक्काने झडप घालून त्याला धरला. तिचा हात लोखंडी कठड्यावर आपटला. फरशीवर बटणे सगळीकडे पळत होती. काही दाराबाहेरही गेली.

“धरलाय,” अक्का धापा टाकत म्हणाली. “धरलाय रे. तू बस आधी. पांढरा पडलायस.”

रविवारपर्यंत अक्काच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत जांभळा डाग पसरला होता. तिने लांब बाह्यांचा झगा घातला. उकाड्यात लांब बाह्या बघून मुलीने बाही वर केली.

“हे काय?”

“मी कठड्यावर...”

“मी हात सोडला,” मिस्त्री म्हणाला.

“का सोडलात?”

त्याने सांगायचा प्रयत्न केला. सोडणे म्हणजे त्याच्यासाठी सगळ्यात सुरक्षित गोष्ट होती, हे त्याच्या जिभेवर आले आणि वेडगळ वाटून परत गेले. तो पलंगाखाली बघत राहिला. बटण्या तिथे भिंतीला चिकटून बसला होता. अपघातापासून तो खणाच्या जवळही फिरकला नव्हता, आणि मिस्त्रीच्याही.

मुलगी रागावली असती तर बरे झाले असते. ती रागावली नाही. तिने बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “पुढच्या रविवारी मी त्याला घेऊन जाते, बाबा. तुम्ही दोघं दमलात.”

ती गेल्यावर अक्का भिंतीकडे तोंड करून पडली. चहा घेतला नाही. पंख्याखाली तिच्या डोक्यावरचे विरळ केस हलत होते. बऱ्याच वेळाने ती भिंतीलाच म्हणाली, “बाळ, मला तो एकदा तरी नीट कुशीत हवा होता रे. मग न्या कुठे न्यायचं ते.”

त्या आठवड्यात मिस्त्रीने रजा घेतली. जोडीदार म्हणाला, “जन्मात रजा घेतली नाहीत, आणि आता काय कुत्र्यासाठी?” मिस्त्री म्हणाला, “हो.”

ब्रेकचे काम सोपे होते. सायकलच्या ब्रेकची जुनी रबरे, एक जाड स्प्रिंग आणि एक लाकडी मूठ. मूठ दाबून धरली की रबरे उघडत आणि दोर सरके. मूठ सोडली की दोर जागच्या जागी आवळला जाई. त्याने खणात कुत्र्याऐवजी कणकेचा डबा ठेवून तो पुन्हा पुन्हा वरखाली केला, मधेच मूठ सोडली, झटक्याने सोडली, डोळे मिटून सोडली. खण हलला नाही.

अवघड होते ते दुसरे काम. ते स्प्रिंगने होण्यासारखे नव्हते.

दुपारी तो पुढच्या खोलीत फरशीवर बसला. बसताना गुडघे वाजले. पाय पसरावेत की दुमडावेत, हे त्याला कळेना.

“परीक्षेला बसल्यासारखा काय बसलायस?” वरून अक्का म्हणाली. “खांदे सोड.”

त्याने खांदे सोडले. हात उघडा ठेवला आणि खिडकीकडे बघू लागला. बटण्या आला नाही. खिडकीतून आलेला उन्हाचा चौकोन फरशीवरून इतक्या हळू सरकत होता, की नजर ठेवली तर थांबल्यासारखा वाटे, आणि नजर काढली की पुढे गेलेला असे. मिस्त्रीने बिस्किट पुढे केले, तर बटण्याने ओठ चाटले आणि तोंड फिरवले. मिस्त्रीला वाटले, हा जिभल्या चाटतोय. मग त्याला डॉक्टरचे बोलणे आठवले आणि त्याने बिस्किट मागे घेतले.

दुसऱ्या दिवशीही तेच. तो आडवा झाला. जमिनीवर गाल टेकल्यावर खोली वेगळीच दिसत होती. पलंगाचे पाय खांबांसारखे, अक्काची चप्पल होडीएवढी, आणि दाराच्या फटीखाली उजेडाची एक लांब आडवी रेघ. ही रेघ त्याने रोज पाहिली होती, पण काळोखातल्या बाजूने. आज तो आतल्या माणसांमध्ये होता. बाहेर जिन्यावरून कुणी बोलत गेले आणि शब्द विरून गेले.

“झोपलास का रे?” अक्काने विचारले.

“नाही.”

“तुला आपली ती पायरी आठवते? जुन्या घराची?”

“कुठली?”

“मी खाली हात पसरून उभी राहायचे. मार उडी, मार उडी म्हणायचे. शेजारची सगळी पोरं धपाधप यायची अंगावर. आणि तू?” अक्का हसू लागली. हसताना पलंग बारीक कुरकुरला. “तू पाठ फिरवायचास, पायरीला धरून खेकड्यासारखा उलटा उलटा उतरायचास. एकेक पाय चाचपत. तिथेच मी ओळखलं, हा पुढे माणसांना हळू वर-खाली करण्याचंच काम करणार.”

“तू पकडशील याची खात्री नव्हती मला.”

“ते माहीत होतं मला. पण तू खाली पोचेपर्यंत मी हात तसेच ठेवायचे. खांदे भरून यायचे. मेला, घाईच नसायची तुला.”

मिस्त्री फरशीकडे बघत राहिला. त्याला पायऱ्या आठवत होत्या, त्यांचा खडबडीत गारवा बोटांना आठवत होता. पाठीमागे कुणी तोवर हात पसरून उभे होते, हे त्याला दिसले नव्हते. दिसणार कसे? त्याची पाठ होती.

तेवढ्यात त्याच्या तळहाताला काही ओले लागले. त्याने मान वळवली नाही. बटण्याने तळहात हुंगला, अंगठा हुंगला, ग्रीसच्या डागावर जरा थांबला. मग मिस्त्रीच्या शर्टाचे एक बटण दातांत हलकेच धरून ओढून बघितले.

“अक्का,” मिस्त्री कुजबुजला, “हा बटण तोडतोय.”

“तोडू दे. लावून देईन.”

पुढच्या दोन-तीन दुपारी त्यांचा खेळ जमत गेला. चिंधी जमिनीवरून सापासारखी सरकवायची. बटण्याने झडप घातली की थोडे ओढायचे आणि सोडायचे. सोडणे मिस्त्रीला येत होते. बटण्या चिंधी घेऊन विजयी वीरासारखा पलंगाखाली जाई आणि पुन्हा ओढाओढीसाठी ती मिस्त्रीच्याच हातात आणून टाकी. एकदा या गडबडीत तो खणात शिरला, तिथे गोल फिरला, आणि घोंगडीवर चिंधी ठेवून तिच्यावर बसला. मिस्त्रीने मुठीला हात लावला नाही. तो दिवस तसाच जाऊ दिला.

रविवारी मुलगी टोपली घेऊन आली. टोपलीत नवे मऊ कापड अंथरलेले होते. मिस्त्रीने तिला काही सांगितले नाही, फक्त फरशीवर बसायला सांगितले.

“खाली?” ती साडी सावरत म्हणाली.

“खाली. आणि त्याच्याकडे बघू नकोस.”

बापलेक शेजारी शेजारी बसून खिडकीकडे बघू लागले. वरून अक्काने जिभेने बारीक आवाज केला. बटण्या पलंगाखालून आला, खणापाशी थांबला, वर बघितले. मग एक पाय आत, दुसरा आत. गोल फिरला. बसला.

मिस्त्रीने मूठ दाबली. खण वर निघाला, गोगलगायीसारखा. पिशवीतली बटणे किंचित किणकिणत खाली येऊ लागली. मध्यावर कुत्रा आणि पिशवी एकमेकांशेजारून गेले आणि बटण्याने पिशवीकडे मान वळवून पाहिले. गादीच्या पातळीला आल्यावर मिस्त्रीने मूठ सोडली. मुलीने श्वास रोखला होता. खण जागचा हलला नाही. बटण्याने गादीवर पुढचे पाय ठेवले, मग मागचे, मग चार पावले चालत जाऊन तो अक्काच्या कुशीत, काखेच्या उबेत शिरला आणि त्याने एक मोठा उसासा सोडला.

अक्काने डोळे मिटून घेतले होते, आणि तिची बोटे त्याच्या कानामागे, सुई धरणाऱ्या चिमटीने, बारीक बारीक फिरत होती.

मुलीने विचारले, “बाबा, ती मूठ जरा मी दाबून बघू?”

जाताना ती टोपली इथेच ठेवून गेली.

पुढचे महिने दुपारींचे होते. मिस्त्री कामावरून येई, हात धुई, मूठ दाबी. अक्का पांघरुणाखालून बोट हलवी आणि बटण्या त्या हलत्या डोंगरावर नाक ठेवी. ती लोकरीचा गोळा लपवी, तो शोधी, आणि सापडला तरी न सापडल्यासारखे करी, कारण त्याला अजून शोधायचे असे. त्याने जांभई दिली की अक्काही जांभई देई. मग दोघे झोपत. मिस्त्री खाली फरशीवर आडवा होई, कारण आता त्याला तिथली खोली आवडू लागली होती. उन्हाचा चौकोन सरके. कधी कधी अर्धवट झोपेत त्याला वाटे, ही सारी खोलीच हळूहळू वर चालली आहे, कुणीतरी मूठ दाबून धरली आहे, आणि शेजारून काहीतरी तेवढ्याच वजनाचे खाली उतरते आहे.

अक्का दिवसेंदिवस हलकी होत गेली. कूस बदलून देताना मिस्त्रीच्या हातांना ते कळे. एक हात पाठीखाली, दुसरा गुडघ्यांखाली. तिला वाटले पाहिजे, गादीच वळतेय. ती म्हणे, “शिकलास हं तू.” शेवटच्या दिवसांत ती बोलत नव्हती, पण दुपार झाली की उजवा हात कुशीपासून जरा बाजूला ठेवी. तेवढी जागा मोकळी. अशाच एका दुपारी ती झोपली, आणि संध्याकाळी बटण्या एकटाच उठला आणि खणात येऊन बसला.

सगळे आटोपल्यावर मुलीने विचारले, “पलंग देऊन टाकू या का, बाबा? आणि हे?” तिने पट्ट्यांकडे, कप्पीकडे बोट दाखवले. बटण्याबद्दल तिने विचारले नाही.

“देऊ या,” मिस्त्री म्हणाला. “सावकाश.”

त्यानंतर रोज दुपारी बटण्या खणात जाऊन बसे. मिस्त्री मूठ दाबून त्याला वर नेई. उघड्या गादीवर तो उतरे, उशीच्या जागी हुंगे, कुशीच्या जागी हुंगे, मधोमध उभा राही. मग स्वतःच खणात परत येई. मिस्त्री त्याला खाली आणी.

एके दिवशी बटण्या खणात बसला, पण मिस्त्री मुठीपाशी गेला नाही. तो खणासमोर, थोड्या अंतरावर, खाली बसला. गुडघे वाजले. त्याने पाय पसरले, खांदे सोडले, आणि दोन्ही हात पसरून उघडे ठेवले.

बटण्याने वर गादीकडे पाहिले. मग मिस्त्रीकडे पाहिले. मग पुन्हा वर.

मिस्त्री खिडकीकडे बघू लागला. खण जमिनीवर होता, म्हणून पिशवी वर, कप्पीजवळ, अजिबात न हलता लटकत होती. दाराखालून उजेडाची रेघ आत आली होती. डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याला दिसले, बटण्या खणातच वळून पाठमोरा झाला, आणि त्याचा मागचा एक पाय खणाच्या कडेवरून बाहेर येऊन फरशी चाचपू लागला.

मिस्त्रीचे खांदे भरून आले होते. त्याने हात तसेच ठेवले.